नेटवर्क हिरवं, आकडे चुकीचे: पीएलसीतल्या आय-ओ मॅपिंगविषयी

आधी चार शब्द: पीएलसी म्हणजे कारखान्याची यंत्रं चालवणारा संगणक, आय-ओ म्हणजे त्याचे इनपुट-आउटपुट, ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग बदलणारं उपकरण. प्रोफिनेट आणि मॉडबस या उपकरणांनी पीएलसीशी बोलायच्या दोन पद्धती; गेटवे एका पद्धतीतला निरोप दुसरीत नेतो, आणि कपलर लांबची आय-ओ कार्डं नेटवर्कला जोडतो.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागातल्या तरुण इंजिनिअरने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "सर, ऑफ सीझनमध्ये ऊस कॅरियरचे जुने ड्राइव्ह काढून प्रोफिनेटचे नवे बसवले. पीएलसी एस७-१५०० आहे. रसाचे फ्लो मीटर आणि एनर्जी मीटर मॉडबसवर आहेत, ते गेटवेतून पीएलसीत येतात. बॉयलिंग हाऊसचा रिमोट आय-ओ मॉडबस टीसीपी कपलरवर आहे. सगळे दिवे हिरवे, एकही फॉल्ट नाही. तरी कॅरियरचा वेग कितीही बदलला तरी स्क्रीनवर आकडा १४,०८० ते १४,१४४ एवढ्यातच हलतो. फ्लो मीटरच्या डिस्प्लेवर २३० असताना पीएलसीत शून्य. आणि परवा कपलरवर एक डिजिटल आउटपुट कार्ड वाढवलं, तेव्हापासून एका व्हॉल्व्हची कमांड दिली की दुसराच उघडतो. मोळी टाकायला तीन आठवडे राहिलेत. हे मॅपिंग नेमकं करायचं कसं?"

नमस्कार. तुमची तिसरी तक्रार आधी घेतो, कारण ती आज संध्याकाळपर्यंत थांबवायची गोष्ट आहे. त्या व्हॉल्व्ह बँकेची हवा बंद करा, पॅनेलवर पाटी लावा आणि मॅपिंग दुरुस्त होईपर्यंत तिथून एकही कमांड देऊ नका. आत्ता लाइनमध्ये वाफ नाही म्हणून चुकीचा व्हॉल्व्ह उघडला तरी नुसता फुस्स आवाज येतो. पॅनला वाफ लागल्यावर हेच झालं तर शेजारी उभा असलेला पॅनमन भाजेल. बाकीचे दोन आकडे चार दिवस चुकीचे राहिले तरी चालतील.

आता मुद्द्यावर. मी वाळूजला पॅनेल आणि पीएलसीचं काम करतो. जालन्याच्या रोलिंग मिल, लातूरच्या डाळमिल, शेंद्र्यातले ऑटो पार्टवाले आणि दर पावसाळ्यात दोन-तीन साखर कारखाने, असा फिरतीचा व्याप आहे. "दिवे हिरवे पण आकडा चुकीचा" हा फोन मला जितक्या वेळा येतो, तितका तार तुटल्याचा येत नाही. कारण एकच. हिरवा दिवा एवढंच सांगतो की ठरलेल्या लांबीची बाइटांची गठडी ठरलेल्या वेळेत पोचली. प्रोफिनेटमध्ये कंट्रोलर डिव्हाइसचं नाव जुळतं का ते बघतो, कॉन्फिगर केलेलं मॉड्यूल आणि प्रत्यक्षातलं मॉड्यूल सारखं आहे का ते बघतो, आणि समाधानी होतो. त्या गठडीतला तिसरा बाइट वेगाचा आहे की स्टेटसचा, हे नेटवर्कला ठाऊक नसतं. तो तुम्ही आणि यंत्र बनवणाऱ्याने केलेला करार असतो, आणि त्या कराराची तपासणी कुठलंही सॉफ्टवेअर आपणहून करत नाही.

पीएलसीच्या पोटात दोन कप्पे असतात, इनपुटचा आणि आउटपुटचा. एस७-१५०० मध्ये प्रत्येकी ३२ किलोबाइट, एस७-१२०० मध्ये प्रत्येकी १०२४ बाइट. प्रत्येक स्कॅनच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका फेरीच्या, सुरुवातीला आधी आउटपुटचा कप्पा बाहेर पाठवला जातो, मग इनपुटचा ताजा भरला जातो, मग तुमचा प्रोग्रॅम चालतो. नेटवर्कवरच्या प्रत्येक डिव्हाइसला या कप्प्यांत एक सुरुवातीचा पत्ता आणि एक लांबी मिळते. मॅपिंग म्हणजे एवढंच: कोणाची कोणती बाइट कोणत्या पत्त्यावर, आणि तिचा अर्थ काय.

तुमचा कॅरियरचा ड्राइव्ह. तुम्ही लिहिलेला आकडाच मला उत्तर देऊन गेला. ड्राइव्हला टेलिग्राम १, म्हणजे डेटाचा ठरलेला साचा, दिलेला असणार आणि इनपुटचा पत्ता २५६ पासून असणार. टेलिग्राम १ मध्ये दोन वर्ड (वर्ड म्हणजे दोन बाइट) येतात: पहिला स्टेटस वर्ड, दुसरा प्रत्यक्ष वेग. तुम्ही स्टेटस आयडब्ल्यू (इनपुट वर्ड) २५६ वरून घेतला आणि "पुढचा वर्ड" म्हणून वेग आयडब्ल्यू २५७ वरून. सीमेन्समध्ये पत्ता बाइटचा असतो. आयडब्ल्यू २५६ म्हणजे बाइट २५६ आणि २५७. आयडब्ल्यू २५७ म्हणजे बाइट २५७ आणि २५८. दोन्ही वर्ड एकमेकांवर चढलेले आहेत. तुम्ही वाचताय तो आकडा म्हणजे स्टेटसचा खालचा बाइट आणि वेगाचा वरचा बाइट यांची जोडगोळी. ड्राइव्ह चालू असताना स्टेटसचा खालचा बाइट हेक्समध्ये (सोळाच्या मानात) ३७ असतो. वेग शून्यापासून पूर्ण, म्हणजे हेक्स ४००० पर्यंत गेला की त्याचा वरचा बाइट ०० पासून ४० पर्यंत जातो. म्हणून तुम्हाला हेक्स ३७०० ते ३७४० दिसतं, दशमानात १४,०८० ते १४,१४४. खात्री करायची असेल तर ड्राइव्ह थांबवून नुसता रेडी अवस्थेत ठेवा. खालचा बाइट ३१ होईल आणि स्क्रीनवरचा आकडा १२,५४४ वर जाऊन बसेल. तसं झालं तर निदान पक्कं. वेग आयडब्ल्यू २५८ वरून घ्या, सेटपॉइंट (हवा तो वेग) क्यूडब्ल्यू (आउटपुट वर्ड) २५८ वर लिहा, काम संपलं.

तिथेच असताना आणखी दोन गोष्टी तपासा. १६,३८४ म्हणजे १०० टक्के, आणि ते १०० टक्के कशाचे हे ड्राइव्हमधलं पी२००० हे सेटिंग ठरवतं. तिथे १५०० आरपीएम असेल आणि तुम्ही ५० हर्ट्झचं गणित मनाशी धरून बसला असाल तर मोटरच्या स्लिपइतका फरक कायम राहील, आणि मिल हाऊसवाले तुम्हाला रोज विचारतील. दुसरं, कंट्रोल वर्ड, म्हणजे पीएलसी ड्राइव्हला पाठवतो तो आदेशाचा वर्ड. आधी हेक्स ०४७ई, मग ०४७एफ. थेट ०४७एफ दिलं तर ड्राइव्ह सुरू होत नाही, कारण त्याला बिट शून्यची चढती कड (शून्याचा एक होणं) लागते. आणि यातला बिट १० "पीएलसी नियंत्रण करतोय" असं सांगतो. तो शून्य असेल तर ड्राइव्ह तुमच्या बाकी बिटांकडे बघतच नाही. पुष्कळ मुलं ००७एफ पाठवून दिवसभर ड्राइव्हवर आळ घेतात.

ही बाइट आणि वर्डची गल्लत तुमच्या एकट्याची समजू नका. ती शिकवण्यातच राहून जाते. कोडेसिस या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या बऱ्याच कंट्रोलरमध्ये %एमडब्ल्यू १ म्हणजे बाइट २ आणि ३, कारण तिथे वर्डला स्वतःचा क्रमांक असतो. तिथून शिकून आलेला माणूस सीमेन्सवर बसला की हमखास इथे अडखळतो, आणि उलटही तेवढंच खरं. मित्सुबिशीत आणखी वेगळं: एफएक्स मालिकेत एक्स आणि वाय अष्टमानात मोजतात, म्हणजे एक्स ७ नंतर थेट एक्स १०. क्यू मालिकेत तेच षोडशमानात. सीसी-लिंक या तिथल्या नेटवर्कच्या पहिल्या आवृत्तीत एका स्टेशनला ३२ इनपुट बिट, ३२ आउटपुट बिट आणि दोन्ही दिशांना चार-चार वर्ड मिळतात, आणि ते कुठल्या एक्स-वायवर जाऊन बसायचे हे रिफ्रेश पॅरामीटरमध्ये द्यावं लागतं. नव्या मेकच्या कंट्रोलरवर बसलात की पहिला अर्धा तास फक्त एवढ्यासाठी द्या: इथे पत्ता कशाचा मोजतात, आणि कुठल्या मानात.

आता फ्लो मीटर. इथे जरा थांबून सांगतो, कारण मॉडबसवर सगळ्यात जास्त वेळ वाया जातो आणि तो जाण्याचं काही कारण नसतं.

मॉडबस १९७९ सालचा. त्यात एक रजिस्टर १६ बिटांचं, आणि त्या काळाला तेवढं पुरेसं होतं. ३२ बिटांची फ्लोट (दशांश) संख्या पाठवायची तर दोन रजिस्टरं लागतात, आणि त्यातलं आधी कोणतं पाठवायचं हे मॉडबसने कधी ठरवलंच नाही. प्रत्येक मीटरवाल्याने आपापलं ठरवलं. २३०.० ही संख्या फ्लोटमध्ये हेक्स ४३६६ ०००० अशी बसते. मीटरने वर्ड उलटे पाठवले तर पीएलसीत ०००० ४३६६ येतं. फ्लोट म्हणून वाचलं तर ती शून्याच्या इतक्या जवळची संख्या आहे की स्क्रीनवर ०.००० दिसतं. तुमचं शून्य हेच असण्याची शक्यता मोठी.

पण शून्य दिसण्याची दुसरीही वाट आहे, आणि तुम्ही सध्या दोन्हींमध्ये चाचपडत असणार. मॅन्युअलमध्ये ४०१०१ लिहिलेलं असलं तर तारेवरून जाणारा पत्ता १०० असतो, कारण ४०००१ म्हणजे पत्ता शून्य. काही गेटवे ४०१०१ मागतात, काही १०० मागतात, आणि काही मीटरवाले मॅन्युअलमध्येच शून्यापासूनचा पत्ता छापतात. यात एका रजिस्टरने पुढे गेलात तर तुम्हाला २३० चा मागचा अर्धा, म्हणजे ००००, आणि त्यापुढच्या राशीचा पुढचा अर्धा मिळतो. समजा त्यानंतर तापमान असेल आणि ते ५०.० असेल, तर ०००० ४२४८ येईल. तेही फ्लोट म्हणून जवळजवळ शून्यच. म्हणजे दोन वेगळे आजार आणि लक्षण एक. म्हणून मी हात जोडून सांगतो, स्क्रीनवरचा फ्लोट आकडा बघून निदान करू नका. वॉच टेबल (पीएलसीतले कच्चे आकडे दाखवणारी खिडकी) उघडा, दोन्ही रजिस्टरं हेक्समध्ये बघा. ४३६६ दिसतंय पण दुसऱ्या जागी आहे, तर वर्ड फिरवायचे. ४३६६ दिसतच नाही, तर पत्ता एकाने मागे घ्यायचा. ६६४३ दिसलं तर बाइट उलटे आहेत. दोन मिनिटांचं काम आहे.

२३० सारखी गोल संख्या तपासायला वाईटच, कारण तिचा अर्धा भाग शून्य असतो. २३१.७ असली तर उलट्या वर्डांनी उणे चिन्हाची अतिसूक्ष्म संख्या तयार होते आणि निदान लगेच होतं. मीटरमध्ये सिम्युलेशनची सोय असेल तर तीच द्या. १६ बिटांच्या रजिस्टरांसाठी माझी आवडती संख्या हेक्स १२३४, म्हणजे ४६६०. बाइट उलटे झाले तर ३४१२ दिसतं, म्हणजे १३,३३०. चारही अंक वेगळे असल्याने कोण कुठे गेलं ते डोळ्यांनी कळतं. शून्य, एक आणि शंभर यांनी तपासणाऱ्याला अर्धी चूक दिसतच नाही.

वर्ड फिरवायचे ठरलं तर एस७ मध्ये ३२ बिटांचा डीवर्ड (दोन वर्डांची जोडी) १६ ने रोटेट करा, दोन्ही वर्ड जागा बदलतात. मग तो डीवर्डवरून रिअलमध्ये (एस७ मधल्या फ्लोटमध्ये) न्या. इथे एक खड्डा आहे: चुकून डीइंटवरून (३२ बिटांच्या पूर्णांकावरून) रिअलमध्ये रूपांतर केलं तर पीएलसी त्या बिटांना पूर्णांक समजतो आणि २३० च्या जागी १,१३,०७,५८,१४४ दाखवतो. एवढा अगडबंब आकडा दिसला की मीटरला दोष देऊ नका, कन्व्हर्ट ब्लॉकचा प्रकार बघा.

आणि फिरवाफिरवी एकाच ठिकाणी करा. बहुतेक गेटवेंमध्ये स्वॅपची खूण असते. गेल्या काही वर्षांतला माझा सर्वांत चिडचिडीचा दिवस जालन्याला गेला. मी पीएलसीत वर्ड फिरवून सगळं बरोबर करून आलो. आठवड्याने तिथल्या देखभालीच्या माणसाला गेटवेच्या स्क्रीनवर उलटे आकडे दिसले, त्याने प्रामाणिकपणे गेटवेतला स्वॅप चालू केला. दोनदा फिरलेलं पुन्हा उलटं झालं. त्याची चूक नव्हती, मी कुठेही लिहून ठेवलं नव्हतं. तेव्हापासून माझा नियम: गेटवे जसं येईल तसं पुढे ढकलेल, फिरवाफिरवी फक्त पीएलसीत, आणि गेटवेच्या पत्र्यावर तशी चिठ्ठी.

आता कपलर. तुम्ही कुठल्या मेकचा ते लिहिलं नाही, पण मॉड्युलर कपलरांची एक पद्धत सांगतो. वॅगोच्या ७५० मालिकेतले मॉडबस कपलर घ्या. तिथे प्रत्येक कार्डाला ठरलेला पत्ता नसतो. कपलर डावीकडून उजवीकडे कार्ड मोजत जातो. आधी सगळी अ‍ॅनालॉग कार्डं एकामागे एक लावतो, मग डिजिटल कार्डांचे बिट सलग भरत जातो. तुम्ही चार चॅनेलचं डिजिटल कार्ड मध्ये खोचलं असेल, तर त्याच्या उजवीकडचे सगळे बिट चाराने सरकले. प्रोग्रॅममध्ये नवव्या व्हॉल्व्हचा बिट चालू केला की प्रत्यक्षात पाचवा उघडणार. नवं कार्ड शेवटी लावा, म्हणजे जुने बिट जागचे हलत नाहीत. आता लगेच करायचं तर कार्ड काढून त्याच प्रकारच्या कार्डांच्या शेवटी बसवा, कपलरची पॉवर बंद-चालू करा, आणि एकेक चॅनेल पुन्हा तपासा.

अ‍ॅनालॉग आउटपुट कार्ड वाढवताना याहून जपायला हवं. तुम्ही डिजिटल आउटपुट रजिस्टरमधून वर्ड म्हणून लिहीत असाल, तर अ‍ॅनालॉग कार्ड शेवटी लावलं तरी डिजिटलचा सगळा भाग पुढे सरकतो, आणि तुमच्या ऑन-ऑफ कमांडचा वर्ड जाऊन अ‍ॅनालॉग चॅनेलवर पडतो. त्या वर्डातला बिट १४ चालू असेल तर ती संख्या १६,३८४. म्हणजे कुठला तरी कंट्रोल व्हॉल्व्ह जवळपास अर्धा उघडून बसेल, आणि स्क्रीनवर त्याचा पत्ताही नसेल. त्याच कपलरमध्ये कॉइलच्या (मॉडबसमधल्या एकेका बिटाच्या) फंक्शन कोडने लिहिलं तर डिजिटल बिट शून्यापासूनच मोजले जातात, अ‍ॅनालॉग कार्डांचा त्यांना स्पर्श होत नाही. म्हणून अशा कपलरवर डिजिटलसाठी मी कॉइलचाच रस्ता धरतो. एस७ च्या एमबी क्लायंट या मॉडबसच्या तयार ब्लॉकमध्ये लक्ष असू द्या: मोड शून्यला रजिस्टरचा पत्ता ४०००१ च्या धाटणीत द्यावा लागतो, मोड १०३ ला शून्यापासून.

एवढं झालं की तुमच्या तिन्ही तक्रारी सुटतील. पण तुम्ही विचारलंत "करायचं कसं", तर माझी पद्धत सांगतो. ती सॉफ्टवेअर उघडण्याआधी सुरू होते.

एक कागद, किंवा एक्सेल. प्रत्येक ओळीत एक राशी. पहिल्या रकान्यात "कोणाकडून कोणाकडे". इनपुट-आउटपुट हे शब्द मी या कागदावर लिहूच देत नाही. प्रोफिनेटमध्ये इनपुट म्हणजे कंट्रोलरच्या आत येणारं. पण गेटवेच्या दोन बाजूंना दोन वेगळी नेटवर्कं असतात, आणि एका बाजूचं आउटपुट हे दुसऱ्या बाजूचं इनपुट असतं. गेटवेच्या मॅन्युअलमध्ये तो शब्द कोणाच्या नजरेतून वापरलाय हे दर पानाला बदलू शकतं. "मीटरकडून पीएलसीकडे" लिहिलं की वाद संपतो. मग मूळ डिव्हाइसमधलं रजिस्टर, गेटवेतली जागा, पीएलसीतला बाइटचा पत्ता, प्रकार, एकक, गुणक, वर्डचा क्रम, आणि शेवटचा रकाना: संपर्क तुटला तर काय व्हायला हवं. हा शेवटचा रकाना रिकामा ठेवून कोणी कागद आणला तर मी तो परत देतो.

कारण गेटवेला मीटरचं उत्तर मिळालं नाही तर तो काय करतो? काही गेटवे शेवटचा आकडा तसाच धरून ठेवतात, काही शून्य करतात, आणि ते सहसा सेटिंगमध्ये बदलता येतं. रसाच्या टाकीची पातळी शेवटच्या आकड्यावर गोठली तर पंप निवांत बंद राहतो आणि टाकी वाहते. प्रोफिनेटचा दिवा मात्र हिरवाच, कारण पीएलसी ते गेटवे सगळं ठणठणीत आहे, तार तुटलीय ती गेटवे ते मीटर. म्हणून गेटवेमधला प्रत्येक स्लेव्हचा (मीटरसारख्या उत्तर देणाऱ्या डिव्हाइसचा) स्टेटस बाइटही मॅप करा. तो नसेल तर डिव्हाइसमधला एखादा सतत बदलणारा आकडा वाचा आणि तो पाच-दहा सेकंद हलला नाही तर अलार्म द्या. ऑपरेटरला शिळा आकडा राखाडी रंगात दिसला पाहिजे.

प्रोग्रॅममध्ये दोन ब्लॉक वेगळे ठेवा. एक स्कॅनच्या सुरुवातीला, जो कच्च्या पत्त्यांवरून आकडे उचलून, फिरवून, गुणून नाव असलेल्या टॅगमध्ये ठेवतो. दुसरा शेवटी, जो टॅगमधून आउटपुटच्या पत्त्यांवर लिहितो. बाकी सगळ्या प्रोग्रॅममध्ये आयडब्ल्यू आणि क्यूडब्ल्यू हे शब्द दिसताच कामा नयेत. उद्या ड्राइव्हचा मेक बदलला तर तुम्हाला या दोन ब्लॉकांपलीकडे हात लावावा लागणार नाही. गव्हाणीत ऊस पडायला लागल्यावर रात्री तीन वाजता तुमच्याऐवजी दुसरंच कोणी लॅपटॉप उघडणार असतं, आणि त्याला नावं वाचून कळलं पाहिजे. अ‍ॅनालॉगची स्केलिंगही त्याच ब्लॉकमध्ये. सीमेन्सच्या कार्डात ४ ते २० मिलिअँपिअर म्हणजे ० ते २७,६४८, दुसऱ्या मेकच्या कार्डात पूर्ण माप वेगळं, ते ज्याच्या त्याच्या मॅन्युअलमधून घ्या.

आणि राखीव जागा ठेवा. एस७-१५०० मध्ये हार्डवेअर कॉन्फिगरेशन डाउनलोड करायचं तर सीपीयू स्टॉपला न्यावा लागतो. हंगामात ते कोण करू देणार? बाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग, टोळ्या रात्रंदिवस ऊस तोडताहेत, आणि तोडलेला ऊस वाळत चाललाय. दोन वर्डांसाठी मिल थांबवायची परवानगी चीफ इंजिनिअर देणार नाहीत, आणि देऊही नये. म्हणून आत्ता गेटवेचं इनपुट मॉड्यूल गरजेपेक्षा पाव भागाने मोठं घ्या. ३२ वर्ड लागत असतील तर ४० मागा. वाढीव जागा डिव्हाइसच्या शेवटी ठेवा आणि कागदावर "राखीव" लिहा.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली, तुम्हाला आधीच सांगतो. एका कारखान्यात बगॅसच्या बेल्ट वेअरचा टोटलायझर (एकूण वजनाची बेरीज) मधूनच एका क्षणासाठी उडी मारायचा आणि परत यायचा. शिफ्ट रिपोर्ट मात्र नेमका त्याच क्षणाचा आकडा उचलायचा. महिनाभर आम्ही शिल्ड, अर्थिंग, टर्मिनेशन सगळं धुंडाळलं. कारण निघालं ते असं: ३२ बिटांच्या टोटलची दोन रजिस्टरं मी दोन वेगळ्या कमांडने वाचत होतो. टोटल ६५,५३५ वरून ६५,५३६ ला जाताना वरचा वर्ड ० चा १ होतो आणि खालचा ६५,५३५ चा ०. खालचा वर्ड बदलाआधी वाचला आणि वरचा बदलानंतर, तर आकडा होतो १,३१,०७१. उलट क्रमाने झालं तर शून्य. दोन्ही रजिस्टरं एकाच कमांडने वाचायला लावली आणि तो आजार कायमचा गेला. ३२ बिटांची कुठलीही राशी नेहमी एकाच विनंतीत वाचा. जुन्या एस७-३०० वर प्रोफिबसने काम करत असाल तर तिथे चार बाइटांहून मोठ्या सलग गठडीसाठी एसएफसी १४ आणि १५ हे तयार ब्लॉक वापरायचे, ते याच कारणासाठी.

एकत्र वाचण्याचा फायदा वेगातही दिसतो. ९६०० बॉडला एक अक्षर साधारण एक मिलिसेकंद घेतं. दोन रजिस्टरं मागायची तर जाताना ८ बाइट, येताना ९, वर मीटरचा विचार करायचा वेळ, म्हणजे एका विनंतीला ५० मिलिसेकंद धरा. तुमचे १२ एनर्जी मीटर आणि प्रत्येकी ८ राशी सुट्या वाचल्या तर ९६ विनंत्या, जवळपास पाच सेकंद. त्याच ८ राशी सलग १६ रजिस्टरांत असतील तर एका मीटरला एक विनंती, साधारण ८० मिलिसेकंद, आणि सगळी फेरी एका सेकंदात. एका विनंतीत १२५ रजिस्टरांपर्यंत मागता येतात. मधलं एखादं रजिस्टर मीटरमध्ये अस्तित्वातच नसेल तर एक्सेप्शन ०२ (चुकीच्या पत्त्याचा नकार) येतं आणि सगळाच गठ्ठा नाकारला जातो. तसं झालं तर गठ्ठा दोन भागांत तोडा.

पुढे कधी इथरनेट-आयपी या आणखी एका नेटवर्कवर काम आलं तर दोनच गोष्टी लक्षात असू द्या. तिथे असेंब्लीचे (डेटाच्या गठड्यांचे) क्रमांक आणि लांबी तंतोतंत द्यावी लागते, एका बाइटचा फरकही जोडणी नाकारतो. आणि कंट्रोलरकडून जाणाऱ्या डेटाच्या पुढे बहुधा चार बाइटांचं रन-आयडल हेडर असतं. ते एका बाजूने मोजलं आणि दुसऱ्या बाजूने मोजलं नाही की सगळे आउटपुट चार बाइटांनी सरकतात. शिवाय तिथे खालचा बाइट आधी येतो, सीमेन्सच्या बरोबर उलट.

तुमच्या तीन आठवड्यांचं असं करा. पहिले दोन दिवस फक्त कागद. तिसऱ्या दिवशी पत्ते दुरुस्त. मग एक माणूस पॅनेलवर, एक फील्डमध्ये फोनवर, आणि प्रत्येक ओळ तपासून तिच्यापुढे सही. इनपुट तपासताना फोर्स (सॉफ्टवेअरमधून जबरदस्तीने आकडा घालणं) वापरू नका. ट्रान्समीटरवर खरा करंट द्या, लिमिट स्विच हाताने दाबा, नाहीतर तुम्ही स्वतःचीच संख्या वाचून खूश व्हाल. आउटपुटच्या वेळी व्हॉल्व्हजवळच्या माणसाने टॅग नंबर मोठ्याने वाचून सांगायचा, "उघडला" एवढं पुरत नाही. शेवटी प्रत्येक केबल एकदा प्रत्यक्ष काढून बघा आणि शेवटच्या रकान्यात लिहिलंय तसंच होतं का ते बघा. केबल काढायची चाचणी लोक टाळतात, वेळ नाही म्हणतात. बॉयलरचं अग्निप्रदीपन होण्याआधी ती उरकून घ्या.

फ्लो मीटरच्या मॅन्युअलमधलं रजिस्टरांचं पान आणि वॉच टेबलचा हेक्समधला फोटो पाठवा. कपलरवरच्या कार्डांचा डावीकडून उजवीकडे क्रमही लिहा. मी त्यावरून तुमच्या कागदाच्या पहिल्या पंधरा-वीस ओळी भरून देतो, पुढच्या तुम्ही भरा आणि मला दाखवा.